न्हाणीमागचा गळका जोड

ऐका. पन आधी तोंडातलं गिळून घ्या. ए पोपट, ठेव त्या शेंगा खाली. मस्करी न्हाई करत मी. ही गोष्ट खाता खाता ऐकायची न्हाई. मागं एकदा माझ्या दारात एका पाव्हन्याला सांगितली, तर तो भरल्या ताटावरनं उठला आन् दोन दिस नुसत्या चहावर राहिला.

आता गप बसा आन् कान द्या. ऐकू येतंय? टिप... टिप... न्हानीच्या मागनं येतंय बघा. मघाशी ह्यो उत्तम काय म्हनला? "तात्या, कुठल्या गाढवानं ह्यो जोड मारलाय? मला कळतंय तवापासनं गळतोय. उद्या नळवाला येतोय. समदी लोखंडी पाइप काढतो आन् प्लास्टिकची टाकतो." टाक की! घर तुझं, पाइप तुझी. पन गाढव म्हनलास, ते मला लई लागलं. म्हनून आज सांगतो. तुझी आजी जिती व्हती तवर ह्या घरात कधी सांगितली न्हाई. का न्हाई, ते शेवटाला कळंल.

तर ऐका. वर धनगरवाड्यात सर्जा येडगे म्हनून एक गडी व्हता. उंच, वाळका, मिशांचं तेवढं झुपकं. मुंबईला एका कारखान्यात पाइपा जोडायचं काम शिकून आलेला. त्या काळात ह्या उभ्या डोंगरात नळाचं काम जाननारा ह्योच एक. खांद्यावर ह्यो एवढा मोठा पाना, पाठीला पिशवी, आन् तोंडात सदा शीळ.

ह्या घराला पानी कुठनं येतंय, ठावं हाय न्हवं? वर कपारीचं टाकं हाय. कातळातला बारमाही झरा. तिथनं उतारानं लोखंडी पाइप, वाटेच्या कडंकडंनं, थेट न्हानीपर्यंत. मोटर न्हाई का काय न्हाई. वरनं खाली आपसूक पानी. उत्तमच्या आज्यानं घातलेली ती. वीस वर्सांत गंजून गंजून बुजत आली. आन् बंद कवा पडावी? उत्तमच्या बारशाच्या आदल्या दिशी!

व्हय, ह्याच उत्तमच्या. हसू नका. तवा ह्यो बारा दिसांचा व्हता, मुठी आवळून आईच्या, इंदूच्या कुशीत. इंदूची दुसरी खेप म्हनून बाळंतपन सासरीच, ह्याच घरात. पहाटं बाळाला आंघोळ, मग बारसं, शंभर-दीडशे मान्सं जेवायला, आन् नळाला टिपूस न्हाई. खालची इहीर उन्हाळ्यानं आटलेली. तुझी आजी हौसाक्का डोक्याला हात लावून बसली. शेवटी तिनं वर सांगावा धाडला. "सर्जाला म्हनावं, असंल तसा ये."

सांगावा पोचला तवा दिवस बुडालेला. सर्जा नुकता भाकरीवर बसलेला. तसाच उठला. पाना घेतला, पिशवी घेतली, हातात बॅटरी घेतली, आन् निघाला. कंच्या वाटेनं? कपारीच्या! सडकेनं गेलं तर दीड तास. कपारीनं अर्धा.

बायको म्हनली, "त्या वाटेनं रातीचं जाऊ नका. गिऱ्हा हाय तिथं."

सर्जा म्हनला, "गिऱ्ह्याच्या घरचा नळ तुंबला आसंल तर त्योबी काढून देतो."

ऐकलं? असं बोलला. आता गिऱ्हा म्हंजी काय, ते ल्हान पोरांना सांगतो. पान्यात बुडून मेलेल्याचं भूत. ऱ्हातं पान्यातच. हाका मारतं, वाट चुकवतं, गोड बोलून खोल पान्याकडं नेतं. आन् त्याचा जीव कशात? केसांत! केस कुनी नेले तर ते पिसाळतं. केस जिथं, तिथं त्याला जावंच लागतं. एवढं ध्यानात ठेवा.

बरं, जाताना काय झालं न्हाई. टाक्यापाशी पान्याला जरा वास आला, तेवढाच. सर्जा खाली आला. ह्याच न्हानीच्या मागं कंदील टांगला. इंदू बाळाला घेऊन दारात आली. बाळानं शिंक दिली. सर्जा हसून म्हनला, "देवाची शिंक हाय, वैनी. रातीत पानी येतंय बघा."

आन् लागला कामाला.

न्हानीमागची पाइप पार कुजलेली. हात लावला की पापुद्रे सुटायचे. ती त्यानं सोडवली. वरल्या पाइपचं तोंड उघडं पडलं. पानी येईना. तार घातली, खुपसली, ओढली. शी! काय काय निघालं म्हनून सांगू! आधी काळा गाळ, मेल्या उंदराच्या वासाचा. मग अर्धी कुजलेली खेकडी. मग बेडूक, पन बेडूक न्हाईच, नुसतं त्याचं कातडं. हौसाक्कानं नाकाला पदर लावला आन् घरात पळाली. ह्येच पानी काल संध्याकाळपर्यंत समदी प्याली व्हती. पोपट, काय रं? मळमळतंय? अजून काहीच न्हाई सांगितलं मी.

मग तारेला केस गावले.

एक न्हाई, दोन न्हाई. हातभर लांब, बुळबुळीत, हिरवट पांढरे, शेवाळागत. सर्जानं हातानं ओढले. येतायत... येतायत... संपंनातच! शेवटाला ताठ झाले. आत कुठंतरी अडकलेत. सर्जानं न्हानीच्या दगडाला पाय लावला आन् दिला हिसका. फाट्कन सुटले! आन् त्याच येळंला वर डोंगरात, कपारीच्या अंगाला, कायतरी किंचाळलं. लांबलचक. कुत्री भुकायची थांबली.

सर्जा म्हनला, "कोल्हं आसंल."

कोल्हं!

केस आले तरी पानी येईना. पाइपात हवा धरलेली. मग नळवाले काय करतात? पाइपला तोंड लावतात आन् ओढतात. समदे करतात. मीबी केलंय, देवाची आन. सर्जानं लावलं तोंड. गाल आत गेले. एकदा ओढलं, दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा भसकन आलं! तोंडभर गाळ. कुजका, आंबट, कोमट. अर्धा थुकला, अर्धा गिळला. थू! मला सांगतानाच अंगावर काटा येतोय. आन् त्या घोटाबरूबर गळ्यात कायतरी चिकाटलं. बारीक. खाकरला, खोकला, निघंना. जाऊ दे म्हनला.

पानी आलं. वरल्या तोंडात चिंधी कोंबली. आता नवी पाइप जोडायची. लोखंडी पाइपला आटे असतात. आट्यांवर ताग गुंडाळायचा, वर सफेदा फासायचा, मग पाना मारून आवळायचं. ताग न्हाई तर जोड गळनार. सर्जानं पिशवीत हात घातला, तर हाताला ऊन ऊन, मऊ मऊ लागलं. उंदरीनं तागात पिल्लं घातलेली! लाल, उघडी, डोळे मिटलेली. ताग मुतानं पार सडलेला.

आता घरात सुतळी मागावी का न्हाई? मागावी! पन सर्जाला आठवलं, मुंबईला त्याचा उस्ताद कधीमधी घोड्याच्या शेपटीचे केस जोडाला वापरायचा. म्हनायचा, केसागत जोड कशानं बसत न्हाई. सर्जानं खाली बघितलं. केसांचा गुंता पडलाच व्हता चिखलात. कुन्या जनावराचे असतील, असं वाटलं त्याला. घेतले, पिळले, आट्यांवर फिरवून फिरवून गुंडाळले, सफेदा फासला, पाना मारला. चिंधी काढून नवी पाइप बसवली.

एक थेंब गळला न्हाई! नळ सोडला, ही एवढी धार. हौसाक्का भरून पावली. "पोरा, माझी लाज राखलीस. उद्या पहिल्या पंगतीला बसायचं. आन् आता हितंच झोप." पन सर्जा थांबंना. बायको वाट बघत आसंल म्हनला. निघाला. परत कपारीच्या वाटेनं.

आता ऐका. जरा जवळ सरका. ती पाइप वाटेच्या कडंनं जाती, म्हनलो न्हवं? सर्जा चढतोय. गळ्यात खवखव. खाकरतोय. मागनं आवाज येतोय. टिप... टिप... थांबला की थांबतोय. चालला की चालतोय. बॅटरी मारली. काय न्हाई. वाटेवर नुसते ओले पाय उमटलेले, त्याच्याच मागनं आलेले.

सर्जानं पाय उचलला. खांद्यावरची पिशवी जड झाली. आनखी जड झाली. पाठीवरनं गार गार ओघळ धोतरात गेला. पिशवी उतरवली, उघडली, आन् आत गाळ! तोच, काळा, उंदराच्या वासाचा. त्यात बेडकाची कातडी वळवळतायत. फेकली पिशवी. नुसता पाना घेऊन पळाला.

पळतोय, पळतोय, कपारीचं टाकं आलं. मागं टाकलं. वळसा घेतला, परत टाकं! पुढं गेला, वळसा, परत टाकं! चकवा लागला व्हता, दुसरं काय!

तिसऱ्या बारीला टाक्याच्या काठावर एक म्हातारा बसलेला. उघडाबंब, पाठमोरा. डोक्यावर ओलं फडकं. गुडगुड आवाजात म्हनला, "नळवाल्या, पाठ चोळतोस का जरा?"

सर्जाचे पाय रोवल्यागत. पळवंना. आन् हात आपसूक पुढं गेला! चोळायला लागला. मऊ लागली पाठ. लई मऊ. हात खाली ओढला तर कातडं हाताबरूबर निघून आलं, उकडलेल्या अळकुडीच्या सालागत. खाली पांढरं मांस, आन् त्यात जळवा. शी शी शी! सर्जा हात झाडतोय, ते साल हाताला चिकटलेलं, निघंना.

म्हाताऱ्यानं फडकं काढलं. डोकं तासलेलं. लाललाल, पू गळतोय.

"माझे केस."

"न... न्हाईत माझ्यापाशी."

"ठावं हाय. जोडात हायती. मला तिकडंच जावं लागंल." असं म्हनून त्यो हसला. तोंडातनं गाळ आला. "तू जा घरला. मी पाइपातनं जातो. पहाटं बाळाला न्हानीत घेतील न्हवं? घंगाळात मीच आसंन."

आन् पाइपच्या तोंडात डोकं घातलं! एवढंसं तोंड, दोन बोटांचं. डोकं दबलं, बारीक झालं, आत गेलं. खांदे गेले. जळू कशी लांबती तसा लांबत लांबत पार आत.

आन् चकवा सुटला. सर्जाला समोर धनगरवाड्यातला दिवा दिसला. त्याच्याच घरचा. वाट मोकळी! मागं कुनी न्हाई. गिऱ्ह्याला आता त्याच्याशी काय देनंघेनं न्हाई. पाच पावलं टाकली त्यानं घराकडं. मला स्वतः सांगितलंय त्यानं, लपवलं न्हाई. पाच पावलं टाकली. आन् मग त्याला ती शिंक आठवली.

फिरला माघारी!

आता पळापळ ऐका. पाइपात गिऱ्हा, बाहेर सर्जा. गुडगुड गुडगुड खाली चाललंय. परत्येक जोडाला आतनं डोकं आपटतंय. टक्! पुढला जोड, टक्! पुढला, टक्! सर्जानं वाट सोडली. करवंदीच्या जाळीतनं सरळ खाली उडी घेतली. धोतर फाटलं, अंग सोलवटलं, बॅटरी गेली कुठंतरी. टक्! टक्! मागनं येतंय. धापकन न्हानीमागं येऊन पडला. कंदील अजून टांगलेला. घर झोपलेलं.

पाना लावला जोडाला. हलंना! स्वतःच आवळलेला, जीव खाऊन. पान्याच्या दांड्यावर उभा राहिला दोन्ही पायांनी. टक्! शेवटचा एक जोड राहिला. नाचला दांड्यावर. करकरलं, सुटलं! पाइप बाजूला केली. आट्यांवरचे केस फुगलेले, ऊन झालेले, हाताखाली हलतायत. नखांनी सोडवले. किळस करायला येळ कुठं व्हता? दातानंबी सोडवले.

आन् पाइपातनं पानी आलं न्हाई. डोकं आलं.

"हे घे तुझे केस! ठेवले न्हाईत मी, एकबी ठेवला न्हाई!"

ओला हात बाहेर आला. केस घेतले. आन् गिऱ्हा मोजायला लागला. कंदिलाच्या उजेडात, एक एक केस, निवांत. सर्जा चिखलात बसलेला. आत बाळ रडलं. इंदूनं घेतलं. गप झालं. गिऱ्हा मोजतोय.

"एक कमी हाय."

"न्हाई देवा, समदे दिले."

"एक कमी हाय. मी आत जातो."

तवा सर्जाच्या गळ्यात खवखवलं.

कळलं न्हवं? कळलं! त्यो गाळाचा घोट! सर्जानं दोन बोटं घशात घातली. पार आत. आन् ओकला. दुपारची भाकरी निघाली, हौसाक्काचा चहा निघाला, गाळ निघाला, आन् शेवटाला केसाचं टोक. धरलं आन् ओढलं. पोटातनं येतोय, आतडं ढवळत येतोय, संपंना. डोळ्यांतनं पानी, नाकातनं पानी. वीतभर, हातभर, दीड हात! त्या लडबडलेल्या हातानंच पुढं केला.

गिऱ्ह्यानं केसाकडं बघितलं. सर्जाकडं बघितलं. खाली पडलं व्हतं त्याच्याकडं बघितलं.

आन् म्हनला, "शी!"

हसा, हसा. जळवा अंगावर बाळगनारा त्यो, कुजक्या खेकड्यांत ऱ्हानारा त्यो, त्याला सर्जाची किळस आली! दोन बोटांच्या चिमटीत केस धरला, तोंड वाकडं केलं, आन् सुर्रकन वर निघून गेला. टक्... टक्... टक्... लांब लांब.

मागनं पानी यायला लागलं. सर्जाचं काम संपलं न्हवतं. जोड उघडाच. परत त्यो आला तर? पिशवी डोंगरात, ताग न्हाई, दार वाजवून सुतळी मागावी तर बाळंतीन जागी व्हनार. मग सर्जानं काय केलं? कमरेला हात घातला. आईनं बांधलेला काळा करगोटा. तोडला आन् गुंडाळला आट्यांवर, पाना मारला. करगोटा आखूड पडला. जोड बसला, पन थेंब गळायचा राहिला. टिप... टिप... तोच ह्यो.

अंगात तरान उरलं न्हवतं. तिथंच भिंतीला टेकला आन् डोळा लागला.

पहाटं तुझी आजी पानी तापवायला आली. बघती तर काय? सर्जा चिखलात पडलेला, धोतर फाटलेलं, मिशा ओकारीनं भरलेल्या, कमरेला करगोटासुदीक न्हाई. ती तरी काय समजनार?

"शी! मेल्या, दारू ढोसून परत आलास व्हय? आन् बाळंतिनीच्या न्हानीपाशी ओकलास? ऊठ! तोंड दाखवू नको मला."

सर्जा चिखलातनं उठला. बारशाचा दिवस. आत कवळी बाळंतीन. गिऱ्हा पाइपातनं आला व्हता, तुझ्या लेकराच्या घंगाळात बसनार व्हता, असं तिच्या कानावर घालायचं? भीतीनं तिचं दूध आटलं असतं. म्हनून म्हनला, "चुकलं आक्का." स्वतःची घान स्वतः बादल्या ओतून धुतली आन् सडकेनं घरी गेला.

बारसं झालं. उत्तम नाव ठेवलं. शंभर-दीडशे पानं उठली. पहिल्या पंगतीतलं सर्जाचं पान मांडलंच न्हाई. पुढं सत्तावीस वर्सं ह्या घरानं त्याला कधी बोलावला न्हाई. गावात "ओकऱ्या सर्जा" नाव पडलं त्याचं. पोरं मागनं ओरडायची. मीबी ओरडलोय. मरायच्या आधी दोन महिने त्यानं मला ह्ये सांगितलं. म्हनला, आक्का हाय तवर बोलू नको, तिच्या जिवाला लागंल.

उत्तम, आता म्हन गाढव.

...न्हाई म्हनत? बरं. डोळे पूस. मग ऐक. उद्या खुशाल बदल पाइप. पन नळवाल्याला सांग, पाइपला तोंड लावायचं न्हाई. आतनं केस निघाले तर हिसका द्यायचा न्हाई, हळूच सोडवायचे आन् जिथले तिथं पान्यात सोडायचे. न्हानीमागचा जोड तू स्वतः खोल. आत काळा करगोटा निघंल, कुजलेला, घान वास मारनारा. नाक मुरडू नको. उकिरड्यावर टाकू नको. दुधानं धू आन् वर धनगरवाड्यात सर्जाच्या लेकाला नेऊन दे, आन् कशाचा हाय ते त्याच्या घरात समद्यांसमोर सांग.

पन जाशील तवा सडकेनं जा. दीड तास लागला तर लागू दे. दिवस बुडाल्यावर कपारीच्या वाटेला कुनी फिरकायचं न्हाई. ए पोपट, तुलाबी सांगतोय. आन् पानी मागू नको आता मला, तो तांब्या तुझ्याच शेजारी हाय. त्याच नळाचं हाय. पी की.